सकाळी आठचं सॅम्पल

"ताई, माझ्या रगतात स्टिराईड सापडलं का ओ?"

काउंटरवर तेव्हा माझ्याशिवाय कुणी नव्हतं, तरी आजोबांनी आवाज खाली आणला होता. चोरीचा माल घरात निघाला का, असं विचारावं तसा सूर. मिरजेच्या पूर्वेकडच्या एका गावातून पहिल्या एसटीनं आलेले. आदल्या दिवशी सकाळी मीच त्यांचं रक्त घेतलं होतं. दंडाला पट्टा बांधला, शीर मिळाली, ट्यूब भरली, पट्टा सोडला. तेवढ्या वेळात पट्ट्याखाली जांभळा डाग उठला. हाताची कातडी इतकी पातळ की कापूस दाबायलाही भीती वाटावी. चेहरा मात्र भरलेला, गोल, गाल लालसर. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे. असा माणूस समोर येऊन बसला की आमच्यातल्या जुन्या लोकांना डॉक्टरांची चिठ्ठी वाचायची गरज पडत नाही. पण आमचं काम रक्त घ्यायचं आणि मशीननं दिलेला आकडा कागदावर उतरवायचं. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "रिपोर्ट डॉक्टर समजावून सांगतील, आजोबा." पाकीट छातीशी धरून ते गेले.

पाकिटात एकच ओळ होती. कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतःच बनवतं ते स्टिरॉइड हार्मोन, सकाळी आठ वाजता, १.१ मायक्रोग्रॅम. आमच्या मशीनवर त्या वेळेला साधारण ५ ते २५च्या मधे कुठंतरी आकडा यावा लागतो. आजोबांना जे सापडल्याची भीती होती, ते त्यांच्या रक्तात जवळजवळ नव्हतंच. आणि दुखणं तेच होतं. हे मी त्यांना सांगू शकले नाही, आणि पुढचे कितीतरी दिवस भांडी घासताना, रिक्षात बसल्यावर तो प्रश्न डोक्यात येत राहिला.

हकिगत नंतर सुनेकडून कळली. बाजाराच्या दिवशी येणारा एक माणूस गुडघ्यांसाठी पुड्या द्यायचा. राखाडी रंगाच्या, झाडपाल्याच्या म्हणून. पहिल्या पुड्या पोटात गेल्यावर आजोबा कितीतरी वर्षांनी मांडी घालून पंगतीला बसले. भूक वाढली, अंगावर तेज आलं, रात्री झोप कमी झाली पण तक्रार काही नव्हती. दोन उन्हाळे असे गेले. मग नातवानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, स्टिरॉइडनं हाडं झिजतात म्हणून सांगणारा, आणि आजोबांनी घाबरून पुडी त्याच दिवशी बंद केली. आठवड्याभरात जेवण तुटलं, उलट्या सुरू झाल्या, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. सलाईनवर ठेवावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी चेहरा बघितला, ब्लडप्रेशर बघितलं आणि आमच्याकडे चिठ्ठी पाठवली.

रक्ताची ट्यूब स्टँडवर अर्धा तास ठेवायची, गोठू द्यायची, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. तळाशी लाल गठ्ठा आणि वर फिकट पिवळं पाणी, ते सीरम. आदल्या रात्री लग्नातलं जेवण झालेलं असेल तर ते दुधट दिसतं आणि आम्ही नाक मुरडतो. या एकाच ट्यूबमधून कोलेस्टेरॉलही काढतात आणि कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायॉलही. रिपोर्ट टाइप करताना माझं लक्ष आकड्यांपेक्षा एककांकडे जातं. १०० मिलिलिटर सीरममध्ये कोलेस्टेरॉल १८० मिलिग्रॅम. तेवढ्याच सीरममध्ये कॉर्टिसॉल १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे वजनानं बारा हजार पट कमी. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन ५०० नॅनोग्रॅम. बाईचं इस्ट्राडायॉल तर थेट पिकोग्रॅममध्ये मोजायचं. एका पाठोपाठ एक हजारानं भागत जायचं. आणि ही सगळी मंडळी त्या पहिल्या मिलिग्रॅमवाल्या कोलेस्टेरॉलचीच लेकरं. रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल २०५ आलं की लोक घरी जाऊन तुपाचा डबा वरच्या फळीवर ठेवतात. त्यातलं बरंचसं त्यांच्या स्वतःच्याच लिव्हरनं केलेलं असतं, आणि ते नसतं तर सकाळी अंथरुणातून उठायचं बळही नसतं, हे त्यांना कुणी सांगत नाही. मीही सांगत नाही.

काही वर्षं मी हिस्टोपॅथॉलॉजीत होते. ऑपरेशनमध्ये काढलेले अवयव तिथं येतात. गाठीसाठी काढलेली अख्खी किडनी आली की तिच्या माथ्यावरच्या चरबीत कधीकधी कॉर्टिसॉल बनवणारी ॲड्रीनल ग्रंथीही असायची. जेमतेम ४-५ ग्रॅमचा चपटा तुकडा. चरबीतून तो बोटांनी चाचपून शोधावा लागतो. आमचे सर सुरीनं तो आडवा कापायचे आणि दर वेळी म्हणायचे, "बघा, रंग बघा." बाहेरची कड झळझळीत पिवळी, सांगलीच्या पेठेत हळकुंड मोडून दाखवतात ना, तशी, मधे तपकिरी गाभा. हा पिवळा रंग कोलेस्टेरॉलचा. पेशींच्या पोटात त्याचे थेंब भरून ठेवलेले असतात. पुढे त्याच तुकड्याची काच तयार करताना झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी फेसाळ, पोकळ दिसतात. मी कितीदा तरी त्या रिकाम्या घरांकडे बघत बसले आहे.

पण त्या थेंबांमध्ये हार्मोन नसतं, नुसता कच्चा माल असतो. स्वादुपिंडातलं इन्सुलिन आधी तयार करून, पुड्या बांधून पेशीत ठेवलेलं असतं, हाक आली की बाहेर. स्टिरॉइड हार्मोनांचं तसं करता येत नाही, कारण ती चरबीत विरघळणारी. पेशीचं आवरण त्यांना अडवूच शकत नाही. तयार झाली की निघालीच. म्हणून जितकं लागेल तितकं त्या त्या वेळी करायचं. कोलेस्टेरॉलच्या रेणूत २७ कार्बन असतात. चार कडी एकमेकींना चिकटलेली, तीन षट्कोनी आणि एक पंचकोनी, आणि मागे एक शेपटी. हाक आली की एक खास प्रथिन कोलेस्टेरॉलला पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यापर्यंत पोचवतं, तिथं शेपटीचे ६ कार्बन तुटतात आणि २१ कार्बनचं प्रेग्नेनोलोन उरतं. सगळी स्टिरॉइड हार्मोनं या एका दारातून जातात. ते पोचवणारं प्रथिनच जन्मतः बिघडलेलं असलं तर ग्रंथी कोलेस्टेरॉलनं तुडुंब भरते, फुगते, आणि हार्मोन मात्र जवळजवळ काहीच होत नाही. भरल्या कणगीपाशी उपासमार.

पुढचा प्रवास कुठल्या पेशीत कुठली एन्झाइमं आहेत त्यावर. ॲड्रीनलच्या बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन, जे किडनीला मीठ धरून ठेवायला सांगतं. मधल्या थरात कॉर्टिसॉल. आतल्या थरात पुरुषी हार्मोनांची कच्ची रूपं, बायकांच्या अंगातसुद्धा. कॉर्टिसॉलमध्ये २१ कार्बन, टेस्टोस्टेरॉनमध्ये १९, इस्ट्राडायॉलमध्ये १८. एकदा शेपटी तुटली की मागे फिरता येत नाही. इस्ट्राडायॉलचं पुन्हा कोलेस्टेरॉल होत नाही. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की प्रत्येक बाईचं इस्ट्रोजेन (इस्ट्राडायॉल त्यातलंच) हे टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्या एखाद्या भाऊबंदापासूनच होतं. दुसरा रस्ताच नाही. अंडाशयात पुरुषी हार्मोन आधी तयार होतं, मग अरोमाटेज नावाचं एन्झाइम त्याचं बायकी हार्मोन करतं. मर्दपणाच्या बाता मारणाऱ्या एखाद्या पेशंटचा हात धरून शीर शोधत असताना हे मला हमखास आठवतं आणि मी तोंड पाडून घेते, हसू नये म्हणून.

आणि हाक? ती डोक्यातून येते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते, ते रक्तातून ॲड्रीनलला पोचतं, काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढायला लागतं. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच वर जाऊन सांगतं, बास. दिवसाला साधारण १० मिलिग्रॅम एवढीच एकूण निर्मिती, पण तीही सगळ्या प्रहरांना सारखी नाही. मध्यरात्री पातळी तळाला असते. दोन-तीन वाजल्यापासून, आपण गाढ झोपलेले असताना, ती चढायला लागते आणि उठायच्या सुमाराला सगळ्यात वर. म्हणून चिठ्ठीवर 'सकाळी ८' असं लिहिलेलं असतं आणि म्हणून होम कलेक्शनला निघालेला आमचा मुलगा वाटेत चहाला थांबला तर त्याला फोन जातो. साखर कारखान्यात सीझनला रात्रपाळी करणारा माणूस आला की मी आधी विचारते, झोपता कधी? महिनोन्‌महिने दिवसा झोपणाऱ्याची सकाळ आठला होत नाही, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या ते लक्षात असतंच असं नाही.

आजोबांच्या शरीरात ती हाकच थांबली होती.

अशा पुड्यांत बहुधा डेक्सामिथासोन हे तयार स्टिरॉइड कुटून घातलेलं असतं. त्याची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी मसुराच्या डाळीपेक्षा फार मोठी नसते. पण तिची ताकद शरीराच्या अख्ख्या दिवसाच्या कॉर्टिसॉलपेक्षा जास्त, आणि ती दीड-दोन दिवस उतरत नाही. म्हणजे मध्यरात्रीसुद्धा, जेव्हा शरीराला शांतता हवी, तेव्हा पिट्यूटरीला कळत राहतं की माल भरपूर आहे. ती एसीटीएच सोडायचं थांबवते. हाक नाही म्हणून ॲड्रीनलचा मधला थर आक्रसत जातो. दोन वर्षांनी पुडी एकदम बंद केली, तेव्हा वरची ग्रंथी हाक मारायला विसरलेली आणि खालची ऐकायला. आमचं मशीनही गंमतीचं. डेक्सामिथासोन आमच्या कॉर्टिसॉलच्या तपासणीला दिसतच नाही, रचना तेवढी वेगळी. म्हणजे आजोबा पुडी खात असताना आले असते तरी आकडा असाच तळाचा आला असता आणि चोरी पकडली गेली नसती, निदान आमच्या कागदावर तरी.

मग चेहरा गोल का होतो, कातडी पातळ का होते? स्टिरॉइड पेशीच्या दारात थांबत नाही. थेट आत शिरतं. आत एक ग्राहक प्रथिन त्याची वाट बघत असतं. दोघं मिळून केंद्रकात जातात आणि डीएनएवर ठरावीक जागी बसतात. कुठला मजकूर वाचायचा आणि कुठला मिटून ठेवायचा ते बदलतात. म्हणून याला वेळ लागतो. दमेकऱ्याला पंपानं पाच मिनिटांत वाटतं तसं स्टिरॉइडनं वाटत नाही, तास जावे लागतात. आणि प्रत्येक पेशी तोच निरोप आपल्या परीनं वाचते. लिव्हर साखर करायला लागतं. स्नायू स्वतःचं प्रथिन मोडून लिव्हरला पुरवतात, म्हणून दंड-मांड्या वाळतात. सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशी गप्प होतात, म्हणून गुडघे दुखायचे थांबतात. कातडीतलं कोलॅजेन भरलं जात नाही, म्हणून पट्टा बांधला की डाग. आजोबांचं अंग हे सगळं उघड वाचता येईल असं समोर बसलं होतं.

तरी त्या पुडीवाल्याला मनापासून शिव्या घालायला गेलं की मी मधेच अडखळते. आजोबांचा गुण खोटा नव्हता. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरांनी १९२९ पासून एक गोष्ट टिपून ठेवली होती: संधिवाताच्या पेशंटला कावीळ झाली किंवा बाईला दिवस गेले की सांधे आपोआप मोकळे होतात. शरीरच काहीतरी करतं, पण काय? त्याच संस्थेत एडवर्ड केंडॉल ॲड्रीनलमधली द्रव्यं एकेक करून वेगळी काढत होते आणि त्यांना अक्षरांची नावं देत होते. सप्टेंबर १९४८मध्ये त्यांचं 'कंपाउंड ई', म्हणजे कॉर्टिसोन, अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला टोचलं गेलं. ते औषध बैलाच्या पित्तापासून तिसावर पायऱ्या चढून तयार केलेलं, मूठभरसुद्धा नव्हतं. आठवड्याभरात ती बाई बाजारात खरेदी करून आली. १९५०चं नोबेल हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइशस्टाइन यांना मिळालं. आणि तोवर गोल चेहऱ्यांचे पेशंटही दिसायला लागले होते. मांडी घालून पंगतीला बसलेल्या आजोबांचा आनंद आणि त्या बाईचा आनंद मला तरी वेगळा करता येत नाही.

पित्त पुरेना, तेव्हा लोक वनस्पतींकडे वळले. रसेल मार्कर या रसायनतज्ज्ञानं मेक्सिकोच्या जंगलातल्या रानकंदांपासून प्रोजेस्टेरॉन करून दाखवलं, आणि पुढे तिथल्या बार्बास्को नावाच्या कंदावर स्टिरॉइडचा सगळा धंदा उभा राहिला. आता सोयाबीनच्या तेलातली स्टेरॉलं जंतूंकडून मोडून घेतात. तेव्हा पुडीवाला झाडपाल्याचं औषध म्हणत होता, ते अगदीच खोटं नव्हतं म्हणायचं.

शरीरातून हे पदार्थ पहिल्यांदा मिळवले तेव्हाची कहाणी तर आमच्याच खात्यातली. चोवीस तासांची लघवी गोळा करायला आम्ही पेशंटला पाच लिटरचा कॅन देतो. बायका तो पिशवीत घालून, वर साडी झाकून आणतात. पुरुष मंडळी एसटीत तो पायांत धरून बसतात आणि शेजारच्यानं विचारलं तर रॉकेल म्हणून सांगतात. जर्मनीत अडोल्फ बुटेनांट यांनी १९३१मध्ये पोलिसांची लघवी गोळा केली, १५,००० लिटर, आणि त्यातून अँड्रोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन निघालं १५ मिलिग्रॅम. एका मिलिग्रॅममागे हजार लिटर! त्याआधी १९२९मध्ये त्यांनी इस्ट्रोन, म्हणजे आणखी एक इस्ट्रोजेन, काढलं होतं ते गरोदर बायकांच्या लघवीतून. पोलिसांना त्या काळी काय सांगितलं असेल, याची मला फार उत्सुकता आहे. बुटेनांटना १९३९चं नोबेल जाहीर झालं आणि नाझी सरकारनं ते घेऊ दिलं नाही.

कोविडची पहिली लाट होती तेव्हा, जून २०२०मध्ये, ऑक्सफर्डहून बातमी आली की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामिथासोननं व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू एक तृतीयांशानं कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांमधले एक पंचमांशानं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काही फायदा नव्हता. बातमीतलं हे शेवटचं वाक्य फार लोकांनी वाचलं नसावं. पुढच्या वर्षी घरी बसून ताप अंगावर काढणाऱ्यांनीही ती गोळी खाल्ली, साखर चढली, आणि मे महिन्यात आमच्याकडे नाकातल्या काळ्या खपलीचे नमुने यायला लागले. काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून बघायचं: रुंद, आडवे पडदे नसलेले, काटकोनात फुटलेले तंतू. म्युकर, काळी बुरशी. काचेवर तो दिसला की ऑपरेशन थिएटरमध्ये फोन करायचा, थांबायचं नाही. त्या दिवसांत वाचलेली माणसंही याच औषधानं वाचली होती आणि डोळा गमावलेलीही यानंच. एका वाक्यात यावर मत द्या म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही.

मिरजेत राहायचं आणि गाण्याचा विषय नाही असं होत नाही. इथं तंबोरे, सतारी बनतात, दर्ग्यात गाण्याची हजेरी लागते, आणि गाणाऱ्याच्या खिशात ज्येष्ठमधाची कांडी असते. एका गुरुजींचं पोटॅशियम सारखं कमी यायचं. ब्लडप्रेशर वर, गोळ्या वाढवल्या तरी वर. दोनदा मला वाटलं सॅम्पलच बिघडलं. कुणीतरी शेवटी विचारलं, तोंडात दिवसभर काय असतं? मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन किडनीतल्या ज्या ग्राहकाला चिकटतं, त्याच ग्राहकाला कॉर्टिसॉलही तितकंच घट्ट चिकटू शकतं, आणि रक्तात कॉर्टिसॉल शेकडो पटींनी जास्त. मग किडनी सतत मीठ का धरून ठेवत नाही? कारण तिथं एक एन्झाइम पहाऱ्याला असतं, आलेल्या कॉर्टिसॉलचं ते निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकतं. ज्येष्ठमधातलं द्रव्य या पहारेकऱ्याला झोपवतं. कॉर्टिसॉल आत घुसतं, मीठ साठतं, पोटॅशियम वाहून जातं. लिव्हरमध्ये बरोबर उलटं काम चालतं, कॉर्टिसोनचं कॉर्टिसॉल. त्या तरुण बाईला १९४८मध्ये टोचलेलं औषध खरं तर तिच्या लिव्हरनं जागं केलं होतं. गुरुजींनी कांडी सोडली. काही आठवड्यांनी पोटॅशियम जागेवर आलं. आवाज बसतो म्हणून कुरकुर मात्र अजून चालू आहे.

मीठ म्हटलं की आणखी एक बाई आठवते. काळवंडत चाललेली. तळहाताच्या रेषा काळ्या, हिरड्यांवर डाग, आणि रक्त देताना सांगत होती की रात्री उठून लोणच्याचा खार पिते. थॉमस ॲडिसननं लंडनमध्ये १८५५ साली अशाच पेशंटांचं वर्णन छापलं होतं. तेव्हा या ग्रंथी कशासाठी असतात तेही कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या बऱ्याच पेशंटांत कारण होतं क्षय, आणि वानलेसवाडीच्या सॅनिटोरियमची सावली असलेल्या आमच्या गावाला क्षयाची वेगळी ओळख करून द्यायला नको. तिच्या ग्रंथीच क्षयानं खाल्ल्या होत्या. तिथं पिट्यूटरी जिवाच्या आकांतानं हाका मारत होती, आणि ज्या प्रथिनातून एसीटीएच होतं त्यातूनच कातडी काळी करणारं हार्मोनही होतं. आजोबांचं उलट. त्यांच्या वरच्या ग्रंथीनंच गप्प राहायचं ठरवलेलं, म्हणून रंग तसाच. आणि मिठाचा कारभार किडनीच्या हुकमानं चालतो म्हणून खाराची ओढही नाही. कॉर्टिसॉल दोघांचं सारखंच तळाला.

पुढच्या वेळी आजोबा सुनेला घेऊन आले. हातात नवी चिठ्ठी. डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या दिल्या होत्या, सकाळी जास्त, दुपारी कमी, हळूहळू उतरवत न्यायच्या. ताप आला, पडले, ऑपरेशन करायची वेळ आली तर दुप्पट करायच्या, आणि आपण या गोळ्या खातो असा कागद कायम खिशात ठेवायचा. आजोबा चिडले होते. "म्हंजी परत त्येच?" सून माझ्याकडे बघायला लागली. या वेळीही काउंटरवर गर्दी नव्हती, पण मी डॉक्टर सांगतील म्हटलं नाही. म्हटलं, आजोबा, ही गोळी म्हणजे तुमच्याच अंगात रोज पहाटे होतं ते. तुमचं दुकान बंद पडलंय, ते उघडेपर्यंत बाहेरून आणायचं. पण आज गोळी रक्त दिल्यावर घ्या, आधी नको. कारण ही गोळी आणि तुमचं स्वतःचं, आमच्या मशीनला दोन्ही एकच. ते विचार करत राहिले. मग म्हणाले, "आन माजं दुकान उगडलंच न्हाई तर?" ग्रंथी जागी व्हायला कधी महिने लागतात, कधी वर्ष, कुणाकुणाची होतही नाही. मी सुनेला पाणी द्यायला सांगितलं. हिवाळ्यात त्यांचा आकडा ६ आला, नंतर ९. गुडघे मात्र पुन्हा दुखताहेत आणि त्याबद्दल ते मला जबाबदार धरतात.

त्याच सुमाराला मी माझंही सॅम्पल लावलं. पाळी थांबून वर्ष होत आलं होतं, रात्री अंगातून वाफा निघत होत्या, पंखा पाचवर करून नवऱ्याला गोधडी द्यावी लागत होती. एफएसएच, म्हणजे पिट्यूटरीची अंडाशयाला हाक, ७८. इस्ट्राडायॉल मशीनच्या किमान मर्यादेच्या खाली. दुसऱ्यांचे असे रिपोर्ट मी रोज टाइप करते, तरी स्वतःच्या नावापुढे बघताना जरा बसून घेतलं. इथंही पिट्यूटरी हाका मारतेय, पण अंडाशयात उत्तर द्यायला कुणी राहिलेलं नाही. दु:ख होतं का? थोडं. सुटल्यासारखंही वाटलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं थांबत नाही हो. ॲड्रीनल अजून पुरुषी हार्मोनांची कच्ची रूपं सोडत असते, आणि आपल्या चरबीत अरोमाटेज असतं, तिथं त्याचं इस्ट्रोन होतं. या वयात तेवढंच काय ते. मग त्याच दमात म्हणाल्या, सहा-सात किलो उतरवा, साखरेलाही बरं आणि छातीच्या कॅन्सरच्या दृष्टीनंही. जास्त चरबीतलं जास्त इस्ट्रोजेन काही चांगलं नसतं. मी म्हटलं, बाई, एवढा एकच कारखाना चालू आहे आणि तोच बंद करा म्हणता? त्या माझ्या पोटाकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "काळजी करू नका, तो बंद पडण्याइतकं तुमच्याच्यानं व्हायचं नाही."